डोक्यावरचं सोडियम

आमच्या सांडोरहून लोणावळा सरळ रेषेत साधारण ९० किलोमीटर. तेच अंतर आडवं न मोजता उभं मोजलं, तर आपण चक्क धातूंच्या थरात पोचतो! सोडियम, लोखंड, पोटॅशियम... सगळे सुटे अणू.

हे आले कुठून? उल्कांमधून. रोज कित्येक टन अवकाशधूळ पृथ्वीवर येते. त्यातली बरीचशी वरच जळते आणि तिच्यातले धातू ८० ते १०५ किमी उंचीवर तरंगत राहतात. पण किती? एका घनसेंटिमीटरमध्ये सोडियमचे जेमतेम काही हजार अणू.

तिथे फुगे पोचत नाहीत, उपग्रह टिकत नाहीत. रॉकेट पोचतं, पण काही मिनिटांपुरतं. मग मोजायचं कसं? तर लायडारने. ५८९ नॅनोमीटरचा पिवळा लेसर वर सोडायचा. एलईडी यायच्या आधी रस्त्यावर सोडियमचे दिवे असायचे ना, तोच पिवळा. वरचे अणू तो प्रकाश शोषतात आणि परत फेकतात. जाऊन-येऊन ०.६ मिलिसेकंद! मुंबईहून बंगळुरूच्या सर्व्हरला केलेला पिंगसुद्धा कितीतरी जास्त वेळ घेतो. फक्त इथे कोट्यवधी कोटी फोटॉन पाठवून हाती मोजकेच लागतात, त्यामुळे बराच वेळ बेरीज करत बसायचं. किती वेळाने आले त्यावरून उंची, किती आले त्यावरून अणूंची संख्या.

हे पहिल्यांदा जमलं १९६९ मध्ये, इंग्लंडात. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएममध्ये १९८६ मध्ये लायडार आला, पण तो खालच्या हवेतल्या धुळीसाठी. सोडियमसाठीचा लायडार तिरुपतीजवळ गादंकीला २००५ मध्ये सुरू झाला. आकाश निरभ्र हवं, म्हणजे पावसाळ्यात बोंबच.

"पण उपयोग काय?" सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये फाल्कन ९ रॉकेटचा एक टप्पा युरोपच्या आकाशात जळाला. त्यानंतर जर्मनीतल्या लायडारला सुमारे ९६ किमीवर दहापट लिथियम दिसलं. आता दहापट म्हणायला आधीचं एकपट माहीत असावं लागतं!

आज आपण हजारो उपग्रह सोडतोय, आणि आयुष्य संपलं की त्यातले बरेच तिथेच जाळायचे आहेत. प्रॉडक्शनमध्ये बदल ढकलण्याआधीचे लॉग नसले की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. उल्कांचं किती आणि आपलं किती, हा हिशोब ठेवायचा तर आत्ताच ठेवायला हवा. कारण तिथे रोलबॅकचं बटण नाही.