मोल : एका स्वीडिश नामाचा विचार

सीमाभागातील माणसाला व्युत्पत्तीत रमणे परवडत नाही, असे काहींना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. स्वभाषेसाठी झगडताना परका शब्दही पुष्कळ शिकवून जातो. स्वीडिशमधील ‘मोल’ हे नपुंसकलिंगी नाम त्यांपैकी एक.

उच्चार ऐकून मराठी माणसाला किंमत आठवेल. पण ते निव्वळ ध्वनिसाम्य होय. स्वीडिशमध्ये या शब्दाचे चार अर्थ नित्याचे आहेत : बोली, खटला, ध्येय आणि जेवण. फुटबॉलमधला गोलही ‘मोल’च. वस्तुतः येथे दोन जुने शब्द एकरूप झाले आहेत. माप, खूण व नेमकी वेळ सुचवणाऱ्या शब्दातून ध्येय आणि जेवण आले. दुसऱ्यातून बोली आणि खटला. या दुसऱ्याचे मूळ प्राचीन जर्मानिक लोकसभेत आहे. लोक तेथे जमत, तेथेच बोलत, तेथेच तंटे मांडत. म्हणून डालार्ना प्रांताची बोली ती ‘दालमोल’ आणि फौजदारी खटला तो ‘ब्रोत्तमोल’. गप्प राहणाऱ्याला स्वीडिश माणूस ‘तोंडात मोल नाही का?’ असे विचारतो; आपण जीभ नाही का, असे विचारतो. ‘मोल्समन’ म्हणजे मुळात दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. पुढे हा शब्द अज्ञान मुलाच्या पालकासाठी रूढ झाला.

मातृभाषेला स्वीडिश शब्द ‘मूदर्समोल’, आईची बोली. 1977च्या सुधारणेने परभाषक घरांतील मुलांना त्यांची भाषा शिकवण्याची जबाबदारी तेथील नगरपालिकांवर आली. प्रारंभी त्या विषयास ‘घरभाषा’ म्हणत. 1997 साली ‘मूदर्समोल’ हे नाव आले. घराच्या चार भिंतींत अडकलेली भाषा नावाने तरी बाहेर पडली.

आम्हां सीमावासीयांना हा शब्द जवळचा वाटतो तो याचमुळे. 1956च्या राज्यपुनर्रचनेनंतर आमच्याकडे बोली आणि खटला वेगळे राहिलेच नाहीत. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याची तारीख आमच्या घरांत सणावारासारखी विचारली जाते. स्वतःच्या शेताचा कन्नड उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या म्हाताऱ्याला हे व्युत्पत्तीने सांगावे लागत नाही.

मात्र निकाल न्यायालय देईल. बोली टिकवणे आपल्याच हाती आहे. मुलाला मराठी शाळेत घालणारा, त्याच्याशी मराठीत बोलणारा प्रत्येक पालक आमच्या लेखी खरा ‘मोल्समन’ आहे. खटला जिंकला आणि बोलणारेच उरले नाहीत, तर तो कोणासाठी जिंकला?