नांव देण्याची घाई

अज्ञात गोष्टीला नांव मिळालें कीं, ती आपल्याला कळली असें माणसाला वाटूं लागतें. हा स्वभाव काव्यांत शोभतो. वैद्यकांत तो जिवावर बेतूं शकतो.

आमच्या तारोडींतील एका वृद्ध गृहस्थांना लघवींतून रक्त गेलें. वेदना नव्हती, तापहि नव्हता. ते ज्या दवाखान्यांत गेले तेथें 'मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग' असें लिहून पुढें 'एन ३९.०' हा अंक घालण्यांत आला. जंतुपरीक्षेंत कांहींच सांपडलें नव्हतें! औषधाचे दिवस भरले, रक्त थांबलें व कागद पेटींत गेला. कांहीं महिन्यांनीं रक्त पुन्हां दिसलें, तेव्हां भाईंदरच्या दुसऱ्या डॉक्टरांनीं दुर्बिणीनें तपासून मूत्राशयांतील गांठ शोधून काढली. वेदनेवांचून जाणारें रक्त हें अशा गांठीचें ठळक लक्षण होय. गांठ लहान होती, हें सुदैव.

इंग्रजी जाणणारा म्हणून ते सारे कागद पुढें माझ्याकडे वाचावयास आले, आणि हे अंक येतात तरी कोठून, असें कुतूहल मला वाटलें. १८९३ सालच्या बर्टिलाँच्या मृत्युकारणांच्या यादीपासून या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची वंशावळ सुरू होते. त्याची दहावी आवृत्ति १९९० सालीं मान्य झाली व अकरावी २०२२ पासून अमलांत आली. दहाव्या आवृत्तींत एक संबंध प्रकरण केवळ लक्षणांसाठीं व तपासणींत आढळलेल्या गोष्टींसाठीं राखलेलें आहे. कारण न ठरलेलें रक्त लघवींत असेल तर आर ३१, प्रथिन असेल तर आर ८०, साखर असेल तर आर ८१. कारण ठरलें म्हणजे त्या रोगाचा अंक पुढें येतो. 'एवढें दिसलें, कारण अद्याप कळलें नाहीं,' असें प्रामाणिकपणें लिहिण्याची सोय शास्त्रानेंच करून ठेविली आहे.

आपल्याकडेहि हें शहाणपण जुनेंच आहे. चरकसंहितेंत प्रमेहाचे वीस प्रकार मोजले आहेत, लघवीला मुंग्या लागतात ही खूणहि नोंदली आहे. आणि त्याच ग्रंथांत असेंहि बजाविलें आहे कीं, एखाद्या विकाराचें नांव सांगतां आलें नाहीं म्हणून वैद्यानें लाजूं नये, कारण सर्वच विकारांना ठराविक नांवें नसतात.

कोणी म्हणेल, अंक घालणें हें विमा कंपनीसाठीं केलेलें कारकुनी काम. त्याचें एवढें काय? पण तो कागद उद्यां दुसरा डॉक्टर वाचणार असतो. 'आर ३१' वाचणाऱ्याच्या मनांत सहज येतें, रक्त कशामुळें? 'एन ३९.०' वाचणाऱ्याला या प्रश्नाचें उत्तर आधींच मिळालेलें असतें, आणि तें चुकीचें असलें तरी तो पुढें शोधीत नाहीं.

तेव्हां वाचकांनीं आपला कागद हातीं घेतांना डॉक्टरांना नम्रपणें एवढेंच विचारावें: हें आपणांस दिसलें आहे, कीं ठरलें आहे?