काचेच्या तारेची निगा

खतांच्या मात्रा सोडून मी ह्या वेळी तारेबद्दल लिहितो आहे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु जवळा बाजारच्या शिवारात फिरताना हल्ली पिकाइतकीच नेटचीही चौकशी होते. पीकविमा असो, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज असो, सारे गावातल्या सेवा केंद्रावर येऊन ठेपले आहे. विम्याच्या शेवटच्या दिवशी तिथल्या डबीवरचा लाल दिवा लुकलुकू लागला की ओट्यावर कागद घेऊन बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो.

ग्रामपंचायती काचतंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. आज तिला भारतनेट म्हणतात. शुद्ध काचेतून प्रकाशाने संदेश दूरवर धाडता येईल, हे चार्ल्स काव ह्या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. ह्या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा अवघा ९ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या कितीतरी पट बारीक. सारी निगा ह्या बारीकपणातून येते.

गेल्या हंगामात एका केंद्रावर नेट सारखे ये-जा करीत होते. चालवणारा पोरगा कंपनीच्या नावाने बोटे मोडत होता. मी तारेमागे हात फिरवीत गेलो, तर कपाटाच्या बिजागरीपाशी ती काटकोनात दाबलेली, वर बाइंडिंग तारेने आवळलेली! अशा मुडपीतून प्रकाश बाहेर गळतो. ती सोडवून बशीएवढे सैल वेटोळे केले, सुती पट्टीने हलके बांधले आणि लाल दिवा विझला. रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, हे तर ठिबकची नळी मुडपल्यावानी झालं." मला एवढे नेमके सांगता आले नसते.

दुसरा शत्रू धूळ. आपल्याकडे हळद शिजवून, वाळवून पॉलिशला लागली की पिवळी भुकटी घरादारात बसते. तिचा एक कण तारेच्या टोकावर बसला तरी प्रकाश अडतो. म्हणून तार काढली की टोकाला लगेच टोपण लावावे आणि डबीचे भोकही झाकावे. टोक बोटाने चाचपू नये, फुंकर मारू नये, धोतराच्या सोग्याने तर मुळीच पुसू नये. पेनासारखे एक साफ करायचे साधन मिळते; केंद्रवाल्याने ते जवळ ठेवावे. हिरव्या खटक्याची तार हिरव्याच खाचेत बसवावी. तिचे टोक तिरपे घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. आणि टोकात डोकावून 'उजेड येतो का' हे कधीही पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

उंदरांचे तुम्हाला वेगळे काय सांगू? धान्याच्या कणगीमागून तार नेऊ नका. नेलीच तर पाइपातून. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच टपकेल. निव्वळ काचेतून वीज वाहत नाही, पण डबीच्या ॲडॉप्टरमधून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून वाहते. मृगाचे ढग गडगडू लागण्याआधीच दोन्ही काढून ठेवावीत. लॅन केबल शेजारच्या घरात उघड्यावरून ओढण्याची हौस काहींना असते. ती मला पसंत नाही.

तार तुटलीच तर तांब्यासारखी पिळून जोडता येत नाही. यंत्रावर काच वितळवून सांधावी लागते. तुटलेले तुकडे कातडीत घुसतात, म्हणून लेकरांना लांब ठेवून ते बाटलीत भरावेत.

सर्वांत मोठा घाव मात्र आपल्याच जेसीबीचा असतो. विहिरीवरून पाइपलाइन आणताना रस्त्याकडेच्या खुणांकडे कोण पाहतो? २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झाले. खोदणाऱ्याने त्यावर जागा कळवली की जमिनीखालच्या केबलच्या मालकाला सूचना जाते. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, तो काही थांबणार नाही. हे काम आदल्या दिवशीच घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून उरकून घ्यावे.