राखणीचं काम

पावसाची पहिली सर आली की मालवणात वीज जाते. म्हणून आज सकाळीच आमच्या गावकऱ्यांच्या लेखनाच्या वेबसाइटच्या सर्व्हरचा बॅकअप घेतला. मे २०२१च्या तौक्ते वादळात जिल्ह्यातली कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हापासून एक प्रत जिल्ह्याबाहेर ठेवतोच. मंडळींना वेबसाइटची नवी सजावट हवी असते. मला मात्र जुने दुवे तुटू नयेत, सुरक्षेचे अपडेट चुकू नयेत, डोमेनचे पैसे वेळेत भरले जावेत, याचीच काळजी. १९९६ साली सुरू झालेली ‘मायबोली’ ही मराठी वेबसाइट आजही चालू आहे. सततच्या राखणीशिवाय हे होत नाही. सुधारणा जरूर करावी, पण आधी बॅकअप रिस्टोअर करून पाहावा. न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच.