लांबचा प्रवास, मोटरसायकल आणि पन्नाशीतली कंबर

दिवसभर पेशंटना ‘वाकून जड उचलू नका’ असं बजावणारा डॉक्टर संध्याकाळी घरी जातो आणि स्वतः वाकून गॅसचा भरलेला सिलिंडर उचलतो. मी त्याच जातीचा. त्यामुळे आजचा लेख लिहिताना थोडी लाज वाटते आहे. पण गेल्या वर्षभरात तीन-चार पेशंटनी मला एकच प्रश्न विचारला: “डॉक्टर, लांबच्या ट्रिपसाठी बाइक घ्यायची आहे. कंबर दुखते. कुठली घेऊ?” प्रत्येकाला निम्मी गोष्ट सांगून पाठवलं. इथे पूर्ण सांगतो.

कॉलेजात असताना मित्राकडे यामाहा आरएक्स 100 होती. हॉस्टेलच्या गच्चीवर बसून आम्ही दोघांनी ठरवलं होतं, एकदा मोटरसायकलवर कन्याकुमारीला जायचं. पुढे शिक्षण, लग्न, दवाखाना, मुलांच्या शाळा. ठरवलेलं तसंच राहिलं. पन्नाशी ओलांडल्यावर एका लग्नात मित्र भेटला आणि म्हणाला, “आता नाही तर कधी?” साताऱ्याहून कन्याकुमारी साधारण चौदाशे किलोमीटर. पुढच्याच महिन्यात मी गाडी घेतली.

आता इथे माझा इतिहास सांगायला हवा. सात वर्षांपूर्वी माझ्या कमरेतली सगळ्यात खालची चकती सरकली होती. मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या चकत्या असतात, त्यातली पाचवा लंबर मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्यामधली. उजवा पाय पार तळव्यापर्यंत दुखायचा. ऑपरेशन न करता बरा झालो, बहुतेक पेशंट तसेच बरे होतात. पण एकदा सरकलेली चकती पूर्वीसारखी कोरी होत नाही.

एवढं माहीत असताना मी कुठली गाडी घेतली? लांब, बुटकी, चमचमणारी क्रूझर. पाय पुढे पसरलेले, हात उंच हँडलवर. शोरूमच्या काचेत स्वतःला पाहिलं आणि पंचवीस वर्षांचा झालो. दहा मिनिटांची टेस्ट राइड घेतली. अगदी आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटलं. गाडीत काहीही दोष नव्हता, हे आधीच सांगतो. दोष माझ्या निवडीत होता.

आंबोलीत काय झालं

कन्याकुमारीच्या आधी सराव म्हणून गोव्याला निघालो. सप्टेंबर महिना. कोल्हापूर, निपाणी, आजरा करत आंबोलीला पोहोचलो तेव्हा उजव्या पायाच्या करंगळीत मुंग्या येत होत्या. बूट घट्ट असेल, असं स्वतःला सांगितलं. पेशंट मला हेच सांगतात तेव्हा मी विश्वास ठेवत नाही.

घाट उतरायला लागलो. धुकं इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवे फक्त दिसत होते. एका वळणावर मागचा ब्रेक दाबला आणि लक्षात आलं की मी किती जोरात दाबतो आहे हे मला कळतच नाही. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायात असतो. माझा तळवा बधिर झाला होता. पाय ब्रेकवर आहे की ब्रेकच्या शेजारी, हे बघायला मी खाली पाहिलं. आंबोलीच्या धुक्यात, ओल्या उतारावर, वळणात खाली पाहिलं.

पुढच्या ब्रेकने हळूहळू गाडी कडेला घेतली. उतरून उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायचा प्रयत्न केला. टाच उचलेना. पोटरीला जी नस चालवते तीच नस दबली होती. मित्राला म्हटलं, “मी पुढे चालवत नाही.” तो काही बोलला नाही. सावंतवाडीहून छोटा हत्ती मागवला, माझी गाडी त्यात घातली, मी ड्रायव्हरशेजारी बसलो. त्या दोन तासांत एकच विचार डोक्यात होता: समोरून एखादं शाळकरी पोर रस्ता ओलांडत असतं तर?

आरामखुर्ची का बाधली?

आता यामागचं शास्त्र समजून घेऊ.

उभं असताना कमरेला आतल्या बाजूने नैसर्गिक बाक असतो. पाय पुढे पसरून बसलात की ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि हा बाक सपाट होतो. चकतीवरचा दाब तिच्या मागच्या कडेकडे जातो, आणि नसा नेमक्या मागेच असतात. शिवाय पाय पुढे ताणला की मांडीच्या मागून जाणारी सायटिक नसही ताणली जाते.

नस दबली आहे का हे तपासायला आम्ही ‘स्लम्प टेस्ट’ करतो. पेशंटला पोक काढून बसवायचं, मान खाली वाकवायची आणि पाय सरळ पुढे उचलायचा. कळ आली तर नस चिडलेली आहे. म्हणजे तपासणीसाठी जे मी पेशंटकडून अर्धं मिनिट करून घेतो, ते मी स्वतः पाच तास करत बसलो होतो, आणि वर खड्डे.

खड्ड्यांचाही मुद्दा आहे. पाय गुडघ्यांच्या खाली असतील तर खड्डा दिसताच पायांवर जोर देऊन तुम्ही बूड सीटवरून दोन इंच उचलता. गुडघे स्प्रिंगचं काम करतात. पाय पुढे असतील तर हे जमत नाही. सगळा दणका माकडहाडातून थेट कण्यात जातो.

याचा अर्थ क्रूझर वाईट असा नाही. ज्याची कंबर धड आहे, गुडघे मात्र दुखतात, त्याला पाय पसरलेली बैठक सोयीची पडू शकते, कारण गुडघा कमी दुमडावा लागतो. उलट पुढे झुकून बसायच्या स्पोर्ट्स बाइकवर शरीराचा भार मनगटांवर येतो, मान सतत मागे वाकवावी लागते, गुडघे घट्ट दुमडतात. प्रत्येक बैठक कुठल्या तरी सांध्याकडून किंमत वसूल करते. आपला कुठला सांधा आधीच कर्जात आहे, हे ओळखून गाडी घ्यायची.

शोरूममध्ये काय पाहाल?

पहिलं, त्रिकोण. सीट, हँडल आणि फुटरेस्ट या तीन बिंदूंवर तुमचं शरीर टांगलेलं असतं. डोळे मिटून सहज बसा. कोपर किंचित वाकलेले हवेत, खांदे कानाकडे चढलेले नकोत, पाठ सरळ किंवा अगदी किंचित पुढे, पाय साधारण गुडघ्यांच्या खाली. मग फुटरेस्टवर उभे राहून पाहा. हँडल न ओढता उभं राहता आलं तर बैठक लांबच्या रस्त्याला योग्य. हँडल थोडं दूर वाटत असेल तर रायझर लावून ते उंच आणि जवळ घेता येतं. फुटरेस्टची जागा बदलणं मात्र अवघड, म्हणून पायांकडे आधी बघा.

दुसरं, उंची आणि वजन. हे दोन्ही एकत्र पाहा. रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिओर 650 ची सीट फक्त 740 मिलिमीटर उंच आहे, पण गाडी 241 किलोची. हिमालयन 450 ची सीट 825 मिलिमीटर, वजन 196 किलो. मीटिओर 350 चे हेच आकडे 765 आणि 191. म्हणजे बुटकी गाडी हलकीच असेल असं नाही. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकायला हवेत. मग गाडी बंद ठेवून, पार्किंगमध्ये, कोणाच्या मदतीशिवाय दहा पावलं मागे ढकलून पाहा. कंबर धावताना कमी आणि गाडी वळवून लावताना जास्त लचकते, हा माझ्या दवाखान्यातला अनुभव.

तिसरं, सीट. बोट दाबल्यावर आत जाणारी मऊ सीट पहिल्या पंधरा मिनिटांत छान वाटते. तासाभरात फोम चेपतो आणि बसण्याची दोन हाडं खालच्या पत्र्याला भेटतात. थोडी कडक, रुंद, पुढे न घसरवणारी सीट चांगली. पुढे उतार असेल तर तुम्ही सतत टाकीवर घसरता आणि जांघेतल्या नसांवर दाब येतो.

चौथं, कंप. एक सिलिंडरच्या इंजिनात कंप जास्त असणं स्वाभाविक आहे, तो कमी करायला हल्ली बॅलन्सर शाफ्ट असतो. ज्या वेगाने तुम्ही खरोखर जाणार, म्हणजे ताशी 80-90, त्या वेगाने वीस मिनिटं चालवा. मग थांबून बोटं एकमेकांवर घासा. करंगळी आणि अनामिका बधिर असतील तर तळहाताच्या कडेला नस दबते आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील तर मनगटाच्या मधली. पुष्कळदा गाडीचा दोष नसतो, आपणच हँडल गळा धरल्यासारखं धरतो.

पाचवं, वारा. वेग दुप्पट झाला की अंगावरचा वाऱ्याचा दाब चौपट होतो. हा दाब मान आणि खांदे झेलतात. छोटी विंडस्क्रीन दिवसभरात मोठा फरक पाडते. पण तिची वरची कड अशी नको की वाऱ्याचा झोत नेमका हेल्मेटवर आदळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दहा मिनिटांच्या टेस्ट राइडवर ठरवू नका. मोठ्या शहरांत गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. हजार-दोन हजार घालवा आणि दोनशे किलोमीटर फिरून या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना शरीर काय म्हणतं ते ऐका. मी हे केलं असतं तर क्रूझर विकताना झालेलं तीस हजारांचं नुकसान वाचलं असतं.

गाडीपेक्षा महत्त्वाचं

कितीही आरामशीर गाडी असली तरी सव्वा-दीड तासाला थांबा. उतरा, चाला, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाका, पाणी प्या. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी न पिणारे बरेच जण असतात. लघवीला थांबणं हेच तर औषध आहे. दिवसाला 300 किलोमीटर पुरे. रात्री गाडी चालवू नका.

दुखतंय म्हणून गोळी घेऊन पुढे जाऊ नका. दुखणं हा आपला मागचा ब्रेक आहे, तो बधिर करू नका. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगाबालिन, गाबापेंटिन यांसारख्या गोळ्यांनी आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झापड येते. सर्दीच्या सेटिरिझिननेही काहींना येते. या गोळ्या चालू असतील तर गाडी चालवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बधिरपणाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. बसून बसून बूड बधिर झालं आणि चालल्यावर काही मिनिटांत ठीक झालं, तर काळजी नाही. पण जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा टिकून राहिला, लघवी अडकली किंवा नकळत झाली, दोन्ही पायांतली ताकद कमी वाटली, तर थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. कण्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दबल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तास मोजायचे असतात. टाच किंवा चवडा उचलता येत नसेल तरीही गाडी जिथे आहे तिथे सोडा. छोटा हत्ती सगळीकडे मिळतो.

मला बरं व्हायला चार महिने लागले. व्यायाम, चालणं, वजन सहा किलोने कमी. मित्र या काळात एकटा जाऊन येऊ शकला असता. गेला नाही. “तुझ्याशिवाय काय कन्याकुमारी,” एवढंच फोनवर म्हणाला. निघायच्या आदल्या आठवड्यात मी स्वतःची परीक्षा घेतली: उजव्या पायावर एकट्याने उभं राहून दहा वेळा टाच उचलली. दहाही जमल्या तेव्हाच बॅग भरली.

यंदाच्या जानेवारीत गेलो. हुबळी, तुमकूर, सेलम, मदुराई असे मुक्काम करत, पाचव्या दिवशी दुपारी पोहोचलो. मुलगा म्हणाला, “बाबा, लोक दोन दिवसांत जातात.” जात असतील. आम्ही वाटेत पंचवीस वेळा थांबलो, आणि चहावाल्यांसमोर दोन म्हातारे कमरेवर हात ठेवून मागे वाकत होते. लोक हसले. समुद्र दिसला तेव्हा माझ्या उजव्या पायाच्या करंगळीला बुटातल्या वाळूचा कण टोचत होता. तो टोचतोय हे कळत होतं, याचाच मला आनंद झाला.

मी आता कुठली गाडी चालवतो हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही तीच घ्याल. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये, तसंच हे. सरळ बैठक आहे, पाय गुडघ्यांखाली आहेत, चवडे टेकतात आणि मी ती एकटा ढकलू शकतो. काचेत मात्र मी तिच्यावर अगदी माझ्या वयाचा दिसतो.