छटा आणि झाक

मागील वर्षी आजीचे एक जुने छायाचित्र नव्याने छापून घेण्याचा योग आला. कागद तपकिरी पडलेला, कडा झिजलेल्या. स्टुडिओतील मुलाला आम्ही सांगितले, “टोन थोडा हलका करा.” तपकिरीपणा कमी व्हावा, एवढेच आमच्या मनात होते. आठ दिवसांनी प्रत हाती आली. आईने चष्मा पुसून ती पुन्हा पुन्हा न्याहाळली आणि म्हणाली, “ही माझी आई नव्हे. ती सावळी होती.”

त्या मुलाला दोष कसा द्यावा? लग्नाच्या फोटोत चेहरा ‘उजळ’ करून मागणारी गिऱ्हाइके त्याला रोजचीच. चूक आमच्या शब्दाची होती.

कृष्णधवल छपाईत ‘टोन’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. पहिला अर्थ उजेड-अंधाराच्या पायरीचा. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940च्या सुमारास निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत 0 ते 10 अशा 11 पायऱ्या आखल्या. त्यात पाचवी मधल्या करड्याची. गोऱ्या त्वचेला सहावी, सावळीला पाचवी. म्हणजे आजी आणि ती परकी बाई यांच्यात जेमतेम एका पायरीचे अंतर!

दुसरा अर्थ खुद्द काळ्याच्या रंगाचा. छायाचित्रातील काळे म्हणजे चांदीचे कण. ते अतिसूक्ष्म असले की काळ्यात तपकिरी ऊब येते. मोठे असले की ते तटस्थ वा थंड भासते. सेपिया प्रक्रियेत तर चांदीचे सल्फाइड होते, म्हणून तो तपकिरी रंग टिकाऊही ठरतो.

मराठीत आम्ही दोहोंना सरसकट ‘छटा’ म्हणत आलो. वास्तविक ‘झाक’ हा शब्द आपल्यापाशी आहे. आपण ‘निळसर झाक’ म्हणतो, ‘फिकी झाक’ सहसा म्हणत नाही. मग पायरीला छटा आणि रंगाला झाक म्हणावयास काय हरकत आहे?

मूळ प्रत सुदैवाने घरीच होती. ती घेऊन आम्ही पुन्हा गेलो आणि म्हणालो, “झाक काढा, छटेला हात लावू नका.” मुलाने क्षणभर आमच्याकडे पाहिले. “म्हणजे, रंग काढायचा, पण चेहरा गोरा करायचा नाही, असंच ना सर?”

इतकी वर्षे मराठी शिकवूनही हे सोपे वाक्य आम्हांला सुचले नव्हते.