सिंहपुरांतील खोळंबा

बेटावर जावयाचें म्हणजे वाटेंत कोठें तरी तिष्ठत बसणें आलेंच. पूर्वीं लोक बंदरांत बसत, आतां विमानतळावर बसतात, इतकाच काय तो भेद. २०२५ च्या मार्चांत आम्ही उभयतां मुंबईहून बालीस निघालों, तेव्हां सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २३ तास काढावयाचे होते. चिरंजीवांनीं तिकिटें काढलीं तेव्हांच हें ठाऊक होतें. तरी घरांत वाद व्हावयाचा तो झालाच. सौभाग्यवतींचे गुडघे दुखत असतां रात्र बाकावर काढावयाची, हा कसला प्रवास, असें वहिनींचें म्हणणें.

खोळंब्याचें कारण मात्र ऐकण्यासारखें आहे. २९ मार्चला बालींत 'न्येपी', म्हणजे तेथील हिंदूंचा वर्षारंभाचा मौनदिन होता. त्या दिवशीं अग्नि पेटवावयाचा नाहीं, काम नाहीं, करमणूक नाहीं, घराबाहेर पाऊल नाहीं. आणि सकाळीं ६ पासून दुसऱ्या दिवशीं सकाळीं ६ पर्यंत विमानतळहि बंद! त्यांची कालगणना शकाचीच. आपल्याकडेहि दुसरेच दिवशीं पाडव्यास शके १९४७ लागावयाचें होतें. एका बेटानें मौन धरावें आणि देशोदेशींच्या विमानांनीं तें पाळावें, हें आजच्या काळीं घडतें यावर आमचा तरी एरव्हीं विश्वास बसला नसता.

असा मुक्काम सुखाचा होणें बव्हंशीं तिकिटावर अवलंबून असतें. दोन्ही विमानांचें तिकीट एकत्र असल्यास सामान बहुधा परस्पर पुढें जातें व प्रवाशास आंतल्या आंत राहतां येतें. तिकिटें वेगळीं असलीं तर सामानासाठीं बहुधा बाहेर यावें लागतें, आणि बाहेर यावयाचें तर भारतीयांस सामान्यतः व्हिसा हवा. चार पैसे वांचविणारांनीं हें आधीं पाहावें. आमचें तिकीट एकत्र होतें, म्हणून व्हिसा काढला नाहीं. रात्रीसाठीं आंतील विश्रामगृहांत तासांच्या हिशेबानें खोली घेतली; गुडघ्यांचा प्रश्न तेवढ्यानें मिटला.

दिवस कसा गेला, कळलें नाहीं. तिसऱ्या टर्मिनलांत फुलपाखरांची दुमजली बाग आहे; तिला शुल्क नाहीं. 'ज्वेल' नांवाच्या, २०१९ सालीं उघडलेल्या कांचघरांत ४० मीटर उंचीचा धबधबा छतांतून कोसळतो. तें कांचघर व्हिसाच्या हद्दीपलीकडे. पण टर्मिनलांमधली छोटी आगगाडी त्यांतूनच जाते, तेव्हां आम्हीं दोन फेऱ्या मारून धबधबा पाहून घेतला.

दुपारीं शेजारच्या बाकावरील एका मलायी वृद्धेनें आमच्याकडे बोट करून सौभाग्यवतींस विचारलें, "सुआमी?" दुभाष्याची गरज पडली नाहीं! त्यांच्या भाषेंत पति तो 'सुआमी', पत्नी ती 'इस्त्री', मंत्री तो 'मेन्तरी', भाषा ती 'बाहासा'. सिंगापूर तरी मुळचें सिंहपुरच. चाळीस वर्षें वर्गांत शब्दरूपें घोकविलीं. तीं समुद्रापार अशीं नांदतांना पाहून आम्हांस फार बरें वाटलें.

पाडव्याच्या सकाळीं ७ वाजतां विमान सुटलें. अडीच तासांनीं बालीस उतरलों. विमानतळाबाहेरच्या चौकांत कर्णाशीं झुंजणाऱ्या घटोत्कचाचा प्रचंड पुतळा उभा होता, आणि त्याच्या भोंवतीं कालचे निर्मनुष्य रस्ते पुन्हा गाड्यांनीं भरूं लागले होते.